भ्रमणध्वनीच्या भूमिकेत संघमित्रा

किशोरवयीन मुलांना बिघडण्यापासून वाचवायचे, तर त्यांना चारचौघांत उभे करणे हा एकमेव खात्रीचा उपाय होय. भडगावच्या एका शाळेने म्हणूनच ‘जोखीमग्रस्त विद्यार्थी रंजनोपचार पथक’ स्थापन केले. निवड काटेकोर होती. उलट बोलणारे सात, जास्त बोलणारे चार आणि मुळीच न बोलणारी एक.

ती एक म्हणजे नववीतली संघमित्रा. खेड्यावरून आल्यावर पहिल्याच दिवशी तिने वर्गात घरच्या अहिराणीत ‘मनं नाव संघमित्रा शे’ असे सांगितले आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून पाच महिने तिने तोंड उघडले नव्हते. (शाळेने आधी याची नोंद ‘शिस्तीत लक्षणीय सुधारणा’ अशी केली, मग ती खोडून ‘जोखीम’ लिहिले.)

मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी मोबाइलच्या व्यसनावर स्वतः पथनाट्य लिहिले. नाटकातला मोबाइल सायलेंटवर असल्याने त्याची भूमिका संघमित्राला मिळाली. गळ्यात मोबाइलच्या आकाराचा पुठ्ठा अडकवून तिला मध्यभागी आणले.

आठवडे बाजारात, भरिताच्या वांग्यांच्या ढिगांजवळ प्रयोग सुरू झाला. ‘हे भ्रमणध्वने, तू आमचे तारुण्य गिळंकृत केलेस!’ हे ऐकताच पन्नास माणसे जमली. अठ्ठेचाळीस जणांनी चित्रीकरणासाठी मोबाइल वर धरले (उरलेल्या दोघांचे चार्जिंग संपले होते). पुढचा संवाद मात्र कुणालाच आठवेना. उलट बोलणारे सातही गप्प. संघमित्राने गर्दीकडे पाहिले. आता हे सगळे हसणार. पुठ्ठा सावरत, सगळ्यांनी धरलेल्या मोबाइलांकडे बोट दाखवत ती ओरडली, “बठ्ठासनी माले धरी ठेयेल शे! आते तरी सोडा ना, मना जीव गुदमरस!”

बाजार हसला. वांगी विकणाऱ्या द्रौपदाबाई टाळ्या पिटत म्हणाल्या, “आखो बोल, माय!” संघमित्रा आणखी वीस मिनिटे बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी अडचण आली. नियमानुसार बरा झालेला विद्यार्थी पथकातून वगळला जातो. समुपदेशक सारिका मॅडमनी रजिस्टर उघडून विचारले, “आता बरं वाटतंय ना?”

पुढचा प्रयोग जळगावला होता, मेहरूण तलावावर. संघमित्राने नीट विचार केला.

“अजून थोडी जोखीम शे, मॅडम.”

मॅडमनी उत्तर ‘शे’सकट लिहून घेतले.

शालिग्राम सरांच्या अहवालात मात्र एक गंभीर निष्कर्ष निघाला. मुले घाबरून गप्प झाली, तेव्हा जमलेल्या एकाही मोठ्या माणसाने पुढे होऊन त्यांना धीर दिला नाही. सबब, पुढचे पथक सुजाण नागरिकांचे असेल. वाचकहो, यादीत आपलेही नाव आहे. आपल्यासाठी झाडाची भूमिका राखून ठेवली आहे. संवाद नाहीत, नुसते उभे राहून बघायचे. तालमीची गरज पडेल असे वाटत नाही.