पाणी उपसून केलेला जलाशय

जमिनीला भोक कुणीही पाडतो. त्या भोकाला भारदस्त नाव द्यायला मात्र शिकलेलीच माणसं लागतात.

गावाबाहेरच्या खडीच्या खाणीचं असंच झालं. तिथून खडी काढली, रस्ते केले, रस्ते उखडले, पुन्हा खडी काढली. शेवटी खडी संपली आणि भला मोठा खड्डा उरला. आता खड्डा म्हटला की तो बुजवावा लागतो, आणि बुजवायचा तर खाणवाल्याच्या खिशातून. म्हणून खाणवाला आणि मोठे साहेब यांनी चहा घेता घेता त्याला ‘नियोजित जलाशय’ म्हटलं. खड्डा जागचा हलला नाही, पण त्याची इज्जत वाढली. (माणसाचंही तेच. घरी बसला तर रिकामटेकडा, समितीवर बसला तर सदस्य.)

खाणीच्या काठाला काकूंचं घर. सगळं गाव त्यांना काकूच म्हणतं, आणि वचकूनही असतं. अंगणात त्यांची विहीर. ती कधी आटली नाही, याचा मान काकू अशा घेत, जणू पहाटे उठून त्याच ती भरतात. आळीतल्या बायकांना त्या पाणी देत आणि पाण्यासोबत चार शब्दही. “हळू ओढ गं, दोर आहे तो, तुझ्या नवऱ्याचा कान नव्हे!”

अशी बाई बाहेर ठेवली तर बोंब मारेल, हे साहेबांनी ओळखलं आणि काकूंना जलसमितीचं अध्यक्ष केलं. त्यांना हातांची खुर्ची, बाकीच्यांना बाकडं.

पहिल्याच सभेत एक गंभीर तांत्रिक अडचण उभी राहिली. जलाशयात पाणी होतं.

खणताना खालून झरे लागलेले, खाण निम्मी भरलेली. बायका तिथे चादरी धूत, पोरं डुंबत. पण नियम असा, की जलाशयाच्या तळाला जाड प्लॅस्टिकचा कागद हवा, नाहीतर पाणी झिरपतं. कागद कोरड्यातच अंथरता येतो. सबब, पाणी साठवायचं तर आधी पाणी काढून टाकणं आलं. साहेबांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की शंभर टक्के माना डोलल्या. (एक मान झोपेत डोलली, तीही धरली.)

घरी सून म्हणाली, “आई, पाणी साठवायचंय ना? ते साठलंय की.”

“ते साठलेलं नाही. ते आपलं आपण आलंय.”

“मग फरक काय पडतो?”

“कळला असता तर खुर्चीवर तुला नसतं बसवलं? भाजी चीर तू.”

पंप लागले. खाणीतलं पाणी उतरलं तसं विहिरीतलंही उतरू लागलं. झरे दोघींचे एकच. सुनेनं दोराला दुसरा दोर जोडला. ती गाठ काकूंना झोंबली. पंप थांबवा म्हणावं तर खुर्ची जाते, न म्हणावं तर विहीर. आज तोंड उघडायचंच, असं ठरवून त्या सभेला गेल्या.

साहेबांनी आधी पाटी उघडली. ‘काकू जलाशय’. निळी, ताज्या रंगाची.

काकूंनी तोंड उघडलं. म्हणाल्या, “अक्षरं जरा मोठी करा.”

विहीर आटली. “साफ करायला काढलीय,” असं काकूंनी आळीत सांगितलं. जलाशयाचा कागद मात्र नामी बसला. गळती शून्य टक्के, असा अहवाल आला. आतला थेंब बाहेर जात नव्हता (आत थेंब नव्हता, हा भाग वेगळा) आणि खालचे झरे कागदाखाली अडकून पडले होते. उद्घाटनाला टँकरनं घोटाभर पाणी आणून ओतलं, काकूंनी फीत कापली, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर टँकरवाल्यानं ते पाणी परत ओढून घेतलं. त्याला पुढचं उद्घाटन गाठायचं होतं.

कोरड्या तळाकडे बघत सून म्हणाली, “आई, आपलं पाणी गेलं तरी कुठे?”

काकूंनी पदर खोचला. दोघी जाडजूड पाइपाच्या कडेकडेनं चालत पंपवाल्यापाशी पोचल्या.

“शहरात गेलं,” तो म्हणाला. “दोन्ही वेळा नळ येत होता तिकडे. लोक खूश. कारभार सुधारला म्हणत होते.”

“आणि कुठून आलं, ते कुणी विचारलं नाही?”

“आल्यावर कोण विचारतं, काकू? न आल्यावर विचारतात.”

अगदीच कुणी विचारलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पाण्याला खडीचा मातकट वास येतो, गाडी धुतली तरी डाग राहतात, अशी एक तक्रार शहरातून समितीकडे आली होती. तुमचीच ती. अध्यक्ष या नात्यानं काकूंनी तुमची माफी मागितली आहे. पुढच्या वेळी विहीर आतून घासूनपुसून मगच पाणी पाठवू, म्हणाल्या.