मार्गदर्शकाची चौकशी

अर्ज पाठवायला फार तर पाच मिनिटं लागतील, असं तिने सकाळी चहा घेताना जाहीर केलं. घरात ती एकटीच डॉक्टर, त्यामुळे मिनिटांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानला जाई. अर्ज तसा तयारच होता. तरुण डॉक्टरांना संशोधन शिकवणारी ती योजना होती. एका अनुभवी प्राध्यापकाच्या हाताखाली तीन वर्षं राहायचं, निम्मा वेळ रुग्णांना द्यायचा, निम्मा प्रयोगशाळेला. मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या जखमा भरत का नाहीत, हा तिचा प्रश्न. त्या जखमांच्या मागे ती अशी हात धुऊन लागली होती, की एव्हाना त्यांनी कंटाळूनच भरून यायला हवं होतं. आता मार्गदर्शक सरांनी आपल्या संगणकावरून संमती पाठवायची, की झालं. मुदत संध्याकाळी पाचची. वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी तिला अर्ज करता येणार नव्हता.

"हे सर माणूस म्हणून कसे आहेत?" बाबांनी विचारलं.

सरांचे शोधनिबंध कुठे कुठे छापून आले, ते तिने सांगितलं.

"ते नव्हे. माणूस म्हणून."

तिला सांगता येईना. सरांशी तिचं बोलणं जखमांपलीकडे कधी गेलंच नव्हतं. बाबांनी बशी खाली ठेवली. साधा फ्रिज घेताना आपण सगळ्या बाजारातली दुकानं पालथी घातली, ते म्हणाले, आणि इथे तीन वर्षं एका माणसाबरोबर काढायची तर त्याची काडीचीही चौकशी नाही?

बाबा विमा कंपनीतून निवृत्त झालेले. दावा खरा की खोटा, हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांची पद्धत ठरलेली. ज्याची चौकशी करायची त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं, आणि आपल्याला कोणी पाठवलं ते मेलं तरी सांगायचं नाही.

"लग्नाआधी हे आमच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले होते," आई म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"अहवाल चांगला आला, म्हणून तर तू इथे आहेस."

ती हसत हसत बाहेर पडली. बाबांनी कपाटावरून जुनी चामडी बॅग काढून पुसायला घेतली होती, हे जाता जाता तिने पाहिलं. पण निवृत्त माणसं जुन्या वस्तू पुसतच असतात, त्यात काय एवढं!

सकाळचे रुग्ण आटोपून दुपारी ती सरांच्या विभागात पोचली तेव्हा त्यांचं दार बंद होतं, आणि दाराबाहेर विभागाचा कारकून, खोलीत साप निघाल्यासारखा, स्टुलावर पाय वर घेऊन बसला होता. आज काही जायचं नाही, तो कुजबुजला. सरांनी बजावलंय, एक सही नाही की एक कागद नाही. वरून चौकशी लागलीय.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी करड्या शर्टातला, चामडी बॅग घेतलेला एक गृहस्थ सरांच्या राहत्या इमारतीत आला होता. साहेब आवाज चढवून बोलतात का, रागाच्या भरात वस्तू फेकतात का, शब्द देऊन फिरवतात का, असं त्याने रखवालदाराला विचारलं. रखवालदाराने इमानेइतबारे उत्तरं दिली आणि लगेच वर जाऊन सरांच्या बायकोच्या कानावर घातलं. तिने सरांना फोन केला, तोवर त्या एका गृहस्थाचे दोन अधिकारी झाले होते. सरांनी एका मित्राचा सल्ला घेतला, तोवर इमारतीखाली सरकारी गाडीही उभी राहिली होती. विभागात नुकतंच एक मोठं यंत्र आलं होतं. त्या खरेदीत सरांनी वावगं काहीच केलं नव्हतं. पण न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुठे ठेवतात, हे त्यांना काही केल्या सुचेना.

चामडी बॅग ऐकली आणि तिने घाईने मोबाइल काढला. बाबांना फोन लावावा, तर चौकशीवर असताना ते फोन बंद ठेवत. आई म्हणाली, अगं, जेवायलासुद्धा फिरकले नाहीत.

इतक्यात सरांनी तिला आत बोलावलं. एरवी वाघासारखे दिसणारे सर खुर्चीत भिजलेल्या मांजरासारखे बसले होते. तुला कोणी गाठलं का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. चौकशी चालू असताना तुझी संमती पाठवणं बरं दिसणार नाही, ते म्हणाले. उद्या लोक म्हणतील, जाता जाता आपली माणसं चिकटवून घेतली.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खरं सांगावं, तर ज्या उमेदवाराच्या बापाने रखवालदाराला सरांच्या रागाबद्दल विचारलं, तिला कोणता प्राध्यापक घेईल? न सांगावं, तर पाच वाजणारच होते. दोन्हीकडून अर्ज पाण्यात. मधुमेही पायासमोर ती कधी डगमगली नव्हती, पण आता तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"सर, एक सांगायचं होतं," तिने कशीबशी सुरुवात केली.

त्याच क्षणी कारकुनाने दारातून डोकं आत घातलं. "सर, ते बॅगवाले आलेत. रुग्णांच्या रांगेत बसलेत. पायाला तर काही झालेलं दिसत नाही."

बाबा पायाला पट्टी बांधलेल्या दोन रुग्णांच्या मधोमध बसले होते. शेजारच्या आजीबाईंना ते विचारत होते, की डॉक्टर पट्टी सांगून काढतात की एकदम ओढतात.

"सांगून काढतात हो," आजीबाई म्हणाल्या. "आणि मग विचारतात, दुखलं का."

बाबांनी मान डोलावली, वर पाहिलं, आणि समोर सर उभे दिसले. सरांच्या मागे ती. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फक्त दोन बोटांनी त्यांनी बॅगेवर हलकेच टकटक केली. ती खूण तिला लहानपणापासून पाठ होती. तू गप्प राहा.

"आपण कोण?" सरांनी विचारलं. "कोणी पाठवलंय आपल्याला?"

"ते मला सांगता येत नाही."

सगळी रांग माना वळवून बघू लागली. आजीबाईंनीही आपला पट्टीचा पाय आत ओढून घेतला. सरांनी हातातलं पेन खिशाला लावलं आणि पुन्हा काढलं. हे माझे बाबा आहेत, एवढंच वाक्य होतं. ते तिच्या घशापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. बाबांच्या खुणेमुळे बसलं की लाजेमुळे, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"चौकशी संपली आहे," बाबा म्हणाले. "आपल्याविरुद्ध काही निघालं नाही."

"लेखी मिळेल?"

"तोंडी चालत असेल तर आत्ताच घ्या. माणूस विश्वासाचा आहे. अडलेली कामं पुढे जाऊ द्यावीत."

सरांच्या चेहऱ्यावर रंग परतला. ते तरातरा आत गेले आणि त्यांनी तिची संमती पाठवली. त्याच भरात कारकुनाची कधीची अडलेली रजाही मंजूर केली. अर्ज पोचल्याचं पडद्यावर आलं तेव्हा पाचाला थोडाच अवकाश होता.

रात्री जेवताना बाबांनी उरलेला अहवाल दिला. माणूस घाबरट आहे, पण पट्टी सांगून काढतो. तीन वर्षं काढायला हरकत नाही. मग ते तिच्याकडे बघत थांबले.

"बाबा, पुन्हा असं करू नका," ती म्हणाली.

"आता कशाला करतोय? तुझा दावा निकालात निघाला की."

त्यांनी बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. एवढं तोडून बोलायला नको होतं, तिला वाटलं. उद्या नीट बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीतला चहा तसाच राहिला आणि बाबा खुर्चीतून पुन्हा उठलेच नाहीत. घरात ती एकटीच डॉक्टर. त्या दिवशी तिची कुठलीच मिनिटं कामी आली नाहीत.

काही आठवड्यांनी बोलावणं आलं. मुलाखतीला उमेदवार आणि मार्गदर्शक यांनी जोडीने यायचं, असा योजनेचा नियम होता. लांबलचक टेबलापलीकडे समिती बसली होती, अलीकडे ती आणि सर. जखमांवरचे प्रश्न तिने पटापट सोडवले. मग समितीच्या प्रमुखबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, की मार्गदर्शक म्हणून यांचीच निवड का केली. याचं उत्तर तिने घोकून ठेवलं होतं. आता आपले शोधनिबंध येणार म्हणून सरांनी टाय सारखा केला.

"मी नाही निवडलं," ती म्हणाली. "माझ्यासाठी एका माणसाने चौकशी केली. रखवालदारापासून सुरुवात केली, आणि शेवटी रुग्णांच्या रांगेत बसून विचारलं, की हे पट्टी सांगून काढतात की ओढतात."

सरांची मान हळूहळू तिच्याकडे वळली. "ते... करड्या शर्टातले?" मुलाखतीचं भान विसरून ते कुजबुजले. "अहवालात आणखी काय म्हणाले ते?"

"घाबरट आहात म्हणाले."

समितीतलं कोणीतरी खोकलं. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. दोन बोटं फाइलवर हलकेच टकटक करत होती. ती आपलीच आहेत हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने हात उचलून मांडीवर घेतला.

"आणि सर, त्यांना कोणीच पाठवलं नव्हतं," ती म्हणाली. "ते माझे बाबा होते."