म्हसूतात्यांसाठी काढलेला नियम

आमच्या गल्लीत कुणाचं मयत झालं आणि म्हसूतात्या आले, की तिरडी बांधणारी मंडळी सुतळी खाली ठेवतात. बांधलेली गाठ तात्या सोडायला लावणार हे ठरलेलं असतं. तात्या आधी मयताला हात जोडतात, घरच्यांच्या पाठीवरून हात फिरवतात, दोन मिनिटं गप्प उभे राहतात आणि मग म्हणतात, "मी मधी बोलणारा माणूस न्हाई, पण ही गाठ वेशीपातुर टिकत न्हाई." एकदा कुणी ऐकलं नाही, तर गाठ खरंच मारुतीच्या देवळापाशी सुटली. तेव्हापासून भोकरदनच्या आमच्या भागात त्यांना अडवायची कुणाची बिशाद नाही.

तात्या मेंढपाळाच्या घरचे. चाळीस वर्षं मेंढरांमागं रानोमाळ हिंडले, मग गुडघे बोलायला लागले तशी मेंढरं विकली आणि गल्लीच्या टोकाला दोन खोल्या बांधल्या. काकू वारल्या. मुलगा वाळूजला कंपनीत लागला, तो दिवाळीला येतो. तात्यांकडं आता दोन शेळ्या उरल्यात आणि सल्ला मात्र अख्ख्या कळपाला पुरेल एवढा. एसटी मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला ते सांगतात, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला सांगतात. मी पोस्टात काउंटरला बसते. एकदा तिकीट घ्यायला आले आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "मी मधी बोलणारा माणूस न्हाई, पण ताई, शिक्का चापट मारल्यावानी नका मारू. दाबून धरा जरा." पंधरा वर्षांची नोकरी झालेली बाई मी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते गेल्यावर दाबून बघितला. शिक्का स्वच्छ उमटला, आणि मग मला जास्तच राग आला.

अशा माणसाच्या शेजारी राहून माझ्या पोरीनं सॉफ्टबॉल खेळायला घेतला.

ऋतुजा तेव्हा बारा वर्षांची. शाळेत नवे क्रीडाशिक्षक आले, त्यांनी मुलींचा संघ काढला आणि हिला पिचर केलं. म्हणजे चेंडू टाकणारी. क्रिकेटसारखा वरून नाही टाकायचा, हात चाकासारखा पूर्ण फिरवून खालून सोडायचा. ती घरासमोर सराव करत होती आणि तात्या शेळ्या घेऊन चालले होते. ते जागच्या जागी थांबले.

"अगं, ही तर गोफण हाय," म्हणाले.

घरात गेले आणि खरोखरची गोफण घेऊन आले. आम्ही नको नको म्हणेपर्यंत दगड घातला, गरगर फिरवली आणि सोडली. तीन घरं सोडून गच्चीवर पाण्याची टाकी होती, ती फुटली. मालक ओरडत खाली आला. तात्यांनी त्याची माफी मागितली, टाकीचे पैसे भरून देतो म्हणाले, आणि मग ऋतुजाच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "नेम टाकीवरच धरला होता."

त्या दिवसापासून पोरगी त्यांची झाली. आमचे हे नोकरीला परतूरला, शनिवारी येणार. मी संध्याकाळपर्यंत पोस्टात. त्यामुळं ऋतुजाला मैदानावर न्यायचं आणि परत आणायचं काम तात्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. जाता-येता शिकवणी चालायची. "हात न्हाई सोडत बाई, कंबर सोडती." "चेंडूकडं बघू नको, जिथं लागायचा तिथं बघ." शेळीचं दूध प्यायचं, जवारीची भाकर खायची, झोपताना डाव्या कुशीवर झोपायचं, म्हणजे उजव्या हाताला बराबर आराम पडतो. ऋतुजा सगळं ऐकायची. माझं एक ऐकत नव्हती, ते असो.

शेवटी सर माझ्याकडं आले. कॉलेजातून नुकतेच निघालेले, सरळ पोरगं. म्हणाले, "मॅडम, मी सांगतो हात कानाजवळून काढ, तात्या सांगतात कंबरेतून. काल ती मला म्हणाली, तुमचं दोघांचं आधी ठरवा."

सरांचं बरोबर होतं. मी तात्यांना सरळ सांगायला हवं होतं, की शिकवायचं काम सरांना करू द्या, तुम्ही पोरीसोबत या, बसा. एवढंच वाक्य होतं. पण रोज माझ्या पोरीला हाताला धरून नेणाऱ्या माणसाला ते तोंडावर सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. मग मी हुशारी केली.

"तात्या, नवा नियम आलाय," मी म्हटलं. ऋतुजा शेजारीच होती. "बाहेरचा माणूस खेळाडूशी मैदानावर काही बोलला, तर खेळाडूला बाद करतात."

तात्या गंभीर झाले. "हातानं खुणावलं तर?"

"तेही नाही."

"सरावाला?"

"सवय लागते ना. तिथंही नको."

थोडा विचार करून म्हणाले, "आन् खोकला आला तर?"

"खोकला चालतो," मी म्हटलं. घरात येऊन एकटीच हसले. सरांनाही सांगून ठेवलं, आणि त्या दिवसापासून तात्या मैदानाच्या कडेला तोंड मिटून बसायला लागले. मला माझ्या डोक्याचं फार कौतुक वाटलं होतं.

जिल्ह्याच्या सामन्याला आम्ही जालन्याला गेलो. मी ऋतुजासाठी नवे बूट आणले होते, तळाला खुंट्या असलेले, पिचरला शोभतील असे. तात्या धुतलेलं धोतर नेसून आले आणि तारेच्या कुंपणाशी उकिडवे बसले.

समोरच्या संघातली पहिली पोरगी ऋतुजानं सहज बाद केली. दुसऱ्या पोरीपासून काय झालं कुणास ठाऊक. चेंडू बाहेर जायला लागले. चार चेंडू बाहेर गेले की समोरची न मारताच पहिल्या बेसवर चालत जाते. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. सर ओरडले, "हात वर!" कुणाचे तरी वडील ओरडले, "खांदा मोकळा सोड!" मग सगळेच आईबाप सुरू झाले. मीही उठून ओरडले, "ऋतू, लक्ष कुठंय तुझं?"

तात्यांनी दचकून माझ्याकडं बघितलं. आणि मग त्यांना खोकला लागला. असा लागला, की आवरेना. ऋतुजाकडं बघायचे आणि खोकायचे, पुन्हा बघायचे आणि खोकायचे. लोक वळून बघायला लागले. मला लाज वाटली. मी त्यांच्यापाशी जाऊन बाटली दिली आणि म्हटलं, "तात्या, तिकडं झाडाखाली जाऊन बसा ना जरा." ते गेले. उपरण्याचं टोक तोंडात धरून बसले. आम्ही तो सामना फार वाईट हरलो.

परतीच्या गाडीत ऋतुजानं बूट काढले. डाव्या टाचेचं कातडं सोलून निघालं होतं, मोजा रक्तानं चिकटला होता.

"सांगितलं का नाहीस?"

"तू नवे आणले होतेस ना," ती म्हणाली.

तात्यांनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बाटलीतलं पाणी थेंब थेंब सोडत मोजा सोडवायला लागले. ऋतुजानं विचारलं, "तात्या, तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं बाई."

"नियम होता म्हणून बोलला नाहीत?"

"हां."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं. ती खिडकीला डोकं टेकून झोपी गेली.

मग तात्या हळू आवाजात मला म्हणाले, "दुसरी पोरगी आली तवाच मला कळल्तं ताई. आपली पोरगी पाय चोरून राह्यली होती. मेंढरू असं चालाया लागलं की आधी खुर बघावा लागतो. तुम्ही सगळे हातच बघून राह्यले." मग म्हणाले, "तुम्ही वरडल्या तवा मी भ्यालो. म्हणलं, आता बाद करतेत पोरीला. पण कुणी काही म्हणलं न्हाई. मंग ध्यानात आलं, आईबापाला माफी असंल. मी पडलो बाहेरचा."

वाटेतलं राजूर मागं पडलं. मग सांगून टाकलं. "तात्या, असा काही नियम नाही. मी खोटं बोलले."

मला वाटलं ते चिडतील. निदान एखादा सल्ला तरी देतील, खोटं कसं बोलावं यावर. ते नुसते ऋतुजाच्या टाचेकडं बघत राहिले.

"म्हणजे बोललो असतो तर चाललं असतं?"

"चाललं असतं."

तिचा पाय मांडीवर नीट घेऊन म्हणाले, "पोरीला हे सांगू नका ताई. तिला वाटंल, तात्याला दिसून राह्यलं होतं आन् तात्या उगंच गप बसला. नियम हाय तर राहू द्या."

मी सांगितलं नाही. ऋतुजा आता नववीत आहे, चांगली पिचर झालीय. तात्या अजून रोज तिला मैदानावर नेतात, कडेला बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. मी दोनदा म्हटलं, नियम बदलला असं सांगू या तिला. तात्या नको म्हणाले. परवा संघात नवी मुलगी आली, तिनं विचारलं, हे आजोबा असे मुके का बसतात? ऋतुजा मोठ्या अभिमानानं म्हणाली, "ते बाहेरचे आहेत ना, त्यांना बोलायची परवानगी नसते."