आखूड झालेली भेग

बाथरूममध्ये बेसिनच्या खाली, डावीकडून तिसऱ्या फरशीला एक भेग होती. गेल्या वर्षी तिची लांबी अकरा सेंटिमीटर चार मिलिमीटर होती. या वर्षी ती आठ सेंटिमीटर नऊ मिलिमीटर भरली.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा गुडघे टेकले आणि पुन्हा टेप लावली. आठ पूर्णांक नऊ!

बाईंना सगळे मोजपट्टीबाई म्हणत. कचेरीत पाठीमागे आणि घरात तोंडावर. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढल्यावर आपोआप सुधारणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. जखम भरते, हाड जुळतं, हे त्यांना मान्य होतं. पण फरशीची भेग? ती वाढते, नाहीतर आहे तेवढीच राहते. ती आखूड झाली असेल, तर कोणीतरी काहीतरी लपवतंय!

"अहो, ऐकलंत का? भेग आखूड झालीये!"

"मग बरंच झालं की!" बाहेरून डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर म्हणजे बाईंचे यजमान. दातांचे डॉक्टर. दात काढणं त्यांच्या जिवावर येई. चाळीस वर्षं त्यांनी पेशंटांना "हलतोय जरा, पण टिकेल" असं सांगून घरी पाठवलं होतं, आणि आता त्यांना जगातली प्रत्येक वस्तू दाढेसारखीच दिसे. खुर्ची डुगडुगली, हलतेय जरा, पण टिकेल. पंखा कण्हायला लागला, टिकेल. त्यांची धाकटी बहीण तिसऱ्यांदा नोकरी सोडून आली, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

ती बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं, दरवर्षी त्यांच्याबरोबर इथे येत. आत्ताही त्या बाथरूमच्या दारात नाक मुरडून उभ्या होत्या.

"वहिनी, इथे दवाखान्यासारखा वास येतोय."

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "मला नाही येत."

"अहो, लवंगेचा! लवंगेच्या तेलाचा!"

"मला कसलाच वास येत नाहीये, वन्सं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत नोंद केली: वास नाही.

या खोलीशी त्यांचं नातं बारा वर्षांचं. करमणुकीच्या मोठ्या उद्यानाला लागून हे रिसॉर्ट, आणि त्यातली ही खोली दरवर्षी एक आठवडा त्यांची, असा करार. करार डॉक्टरांनी एकट्यानेच ठरवला होता, उद्यानाच्या दारातल्या सिमेंटच्या पाणघोड्यापुढे उभं राहून. पाणघोडा दुमजली. त्याच्या उघड्या जबड्यातून लोक आत शिरत. "काय जबडा आहे! एक कीड नाही!" असं म्हणून डॉक्टरांनी सही ठोकली आणि घरी येऊन बायकोचीही घेतली.

तेव्हा पाणघोड्याला चार सुळे होते. पुढे दरवर्षी देखभालीची वर्गणी वाढत गेली आणि सुळे कमी होत गेले. सातव्या वर्षी आकाशपाळणा बंद पडला. आठव्या वर्षी बाईंनी तरणतलावाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. त्यानंतर घरातल्या कोणीही त्यात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही. दहाव्या वर्षी पडद्याची दांडी वन्संच्या डोक्यात पडली. सगळं वहीत होतं, तारीखवार.

गेली सहा वर्षं एक वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. दरवर्षी त्या ते बोलायचंच असं ठरवून येत. दरवर्षी डॉक्टर खोलीचं दार उघडून, छाती फुगवून म्हणत, "वा! आलो आपल्या घरी!" की वाक्य घशात! माणसाच्या एवढ्या आनंदावर पाणी कसं फिरवायचं?

या वर्षी मात्र टाळून चालणार नव्हतं. करार संपत होता. शनिवारी दुपारी बारापर्यंत दोघांनीही समक्ष येऊन 'नको' सांगितलं नाही, तर तो आपोआप आणखी बारा वर्षं वाढणार होता!

"या वेळी पुराव्यानिशी बोलणार मी!" बाईंनी वन्संना सांगितलं. "असा पुरावा गोळा करते की तुमच्या दादाला 'टिकेल' म्हणायला तोंड उरणार नाही!"

पुराव्याची सुरुवात किटलीने झाली. तिचं झाकण बसत नव्हतं. बाईंनी तक्रार केली. रिसॉर्टचा मिस्त्री आला, किटली घेऊन गेला आणि दहा मिनिटांत दुसरी घेऊन आला. बाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली. मुठीला तडा, तोटीजवळ पोचा.

"ही तर मी गेल्या वर्षी परत केलेली किटली!"

"बाई, सगळ्या किटल्या सारख्याच दिसतात," मिस्त्री शांतपणे म्हणाला.

"मग गेल्या वर्षी दुरुस्तीला नेली तिचं काय केलंत?"

"दुसऱ्या खोलीत दिली."

"आणि त्या खोलीतली?"

"ती तुम्हाला दिली."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथे दुरुस्ती होतच नव्हती! मोडक्या वस्तू फक्त खोल्याखोल्यांतून फिरत होत्या, पाहुण्यांसारख्या! पण सिद्ध कसं करणार? प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बाटल्यांवर खूण करत. बाईंनी वन्संकडे हात पुढे केला.

"तुमचं ते जांभळं नेलपॉलिश द्या."

"पण वहिनी, तुम्ही तर म्हणाला होतात, हा रंग वांग्यालाच शोभतो!"

"म्हणूनच द्या. हा रंग दुसऱ्या कोणाकडे असणं शक्य नाही."

संध्याकाळपर्यंत खोलीतल्या प्रत्येक मोडक्या वस्तूवर एक जांभळा ठिपका आला. किटली, डुगडुगती खुर्ची, पडद्याची दांडी, न उघडणारं कपाट, पलंगाचा मागचा खिळखिळा फळा. फळ्यावरचा ठिपका ओला असतानाच डॉक्टर येऊन त्याला टेकून बसले. उठले तेव्हा टकलाच्या बरोबर मध्यावर बटणाएवढा जांभळा ठिपका होता. बाईंनी तो पाहिला. सांगितलं असतं, तर कशाचा म्हणून विचारलं असतं. विचारलं असतं, तर सगळा पुरावा अर्धवट असतानाच बाहेर पडला असता. बाईंनी नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये टाकली.

शिवाय, आता त्यांना डॉक्टरांचाही संशय येऊ लागला होता.

पहाटे साडेपाचला ते फिरायला म्हणून बाहेर पडत. घरी असताना आठच्या आत न उठणारा माणूस! येताना बाह्यांवर पांढरी पूड. हातात एक चपटी पेटी. ती येताच कपाटावर, उशीखाली, कुठेतरी गडप. आणि बुधवारी वन्संनी बातमी आणली.

"दादा मॅनेजरच्या केबिनमध्ये होता. दोघं खिदळत होते!"

"सही केली की काय यांनी?" बाई बोटांवर वर्षं मोजू लागल्या. आणखी बारा वर्षं! बारा वर्षांनी दोघांनी सत्तरी ओलांडलेली असणार. काठी टेकत टेकत याच किटलीतला चहा!

"तुम्ही काळजी करू नका, वहिनी. मी मॅनेजरला चांगला दम भरलाय."

"काय बोललात?"

"विशेष काही नाही. म्हटलं, आमच्या वहिनी वरून आल्यात. ठिपक्यांचा अर्थ तुम्हाला लवकरच कळेल!"

"वरून म्हणजे कुठून?"

"वरच्या मजल्यावरून. तिथेच तर आहे ना आपली खोली?"

मॅनेजरने मात्र 'वरून' म्हणजे थेट मुख्य कार्यालयातून असंच धरलं. गुरुवारी दुपारी बाई परत आल्या, तेव्हा मिस्त्री आणि दोन माणसं फळ्यासकट पलंग जिन्यावरून खाली नेत होती.

"हे काय चाललंय?"

"साहेबांचा हुकूम आहे, बाई. ठिपका असेल ते सगळं उचलायचं."

"आणि त्याच्या जागी?"

"त्याच्या जागी काय आणणार? ठिपका द्यावा लागणार नाही असं आमच्याकडे काही नाही!"

खोलीत जमिनीवर एक गादी, वन्संची बॅग आणि बाथरूमच्या फरशीतली ती भेग एवढंच उरलं होतं. पडदा नसल्याने समोरच्या खोलीतले लोक हात हलवत होते. डॉक्टरांनी दारातून आत पाहिलं, छाती फुगवली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच 'आपल्या घरी' न म्हणता श्वास सोडून दिला.

"मोकळं वाटतंय," एवढंच ते शेवटी म्हणाले.

वाक्य बाईंच्या ओठांवर आलं. पण डॉक्टर गादीवर बसून पाठ टेकायला काहीतरी शोधत होते, आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला होता की बाईंनी वाक्य पुन्हा गिळलं. आधी सहीचा छडा लावायचा, मग बोलायचं!

शनिवारी पहाटे डॉक्टर पेटी घेऊन निघाले. पाच मिनिटांनी बाई निघाल्या. त्यांच्या मागे चपला हातात घेतलेल्या वन्सं. डॉक्टर मॅनेजरच्या केबिनकडे वळले नाहीत. ते सरळ उद्यानाच्या दाराशी गेले आणि पाणघोड्याच्या तोंडात शिरले.

बाई थबकल्या. पाणघोड्याला गेल्या वर्षी दोन सुळे होते. त्यांनी मोजले. तीन!

"वहिनी," वन्सं कुजबुजल्या, "याला नवा दात आलाय का हो?"

आत अंधूक उजेड होता. शिडीवर कोणीतरी उभं होतं. माणूस दिसत नव्हता. दिसत होता फक्त एक जांभळा ठिपका, वरच्या जबड्याशी हलणारा.

"अहो!"

ठिपका थांबला. शिडी करकरली. डॉक्टर वळले. एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातात पांढऱ्या लगद्याची वाटी.

"तू? इतक्या सकाळी?"

"तुम्ही काय करताय तिथे?"

"फिलिंग," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले.

"पाणघोड्याला?"

"मॅनेजरची परवानगी घेतलीये. तो आधी खूप हसला, मग शिडी दिली."

बाईंना एकदम सगळं दिसलं. पांढरी पूड. लवंगेचं तेल! तेहतीस वर्षं रोज दवाखान्यातून घरी येणारा तो वास. आता तो त्यांच्या नाकाला वास वाटतच नव्हता.

"बेसिनखालची भेग?"

"मीच भरत होतो. गेल्या वर्षी तू मोजून झाल्यापासून, इथे असताना रोज थोडी थोडी. माल संपत आला म्हणून पूर्ण झाली नाही."

"पण का?"

डॉक्टर शिडीवरच बसले. "तुझी वही बघवत नव्हती. सही मी केली होती ना! दरवर्षी तू काहीतरी मोडकं शोधतेस, लिहितेस. मला वाटायचं, मी थोडं थोडं नीट केलं तर तुझं इथे येणं सुखाचं होईल. तुला किती आवडतं इथे."

"मला?"

"टेप घेऊन पहिल्या दिवसापासून कामाला लागतेस! घरी इतकी खूश कधी दिसत नाहीस."

"आणि तुम्ही ते 'आलो आपल्या घरी' म्हणता ते?"

"तुझ्यासाठी म्हणतो. मला तर त्या गादीवर झोपून सहा वर्षं झाली पाठ धरलीये."

वन्संनी चपला खाली टाकल्या. "म्हणजे मीही उगाचच येत होते? मला वाटलं, तुम्हा दोघांना सोबत हवी असते!"

तेवढ्यात मागून चाकांचा खडखडाट आला. मिस्त्री हातगाडी घेऊन उभा होता. त्याने जबड्यात वाकून पाहिलं आणि टकलावरच्या ठिपक्याकडे बोट केलं.

"बाई, याच्यावरही ठिपका आहे. न्यायचं का?"

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "ते माझं आहे."

मॅनेजर धावतपळत आला. शर्ट अर्धा खोचलेला. "बाई, मुख्य कार्यालयाला कळवण्याआधी एक विनंती! डॉक्टरसाहेबांनी दात बसवलाय, हळूहळू सगळंच सुधारेल. ठिपके मागे घ्या!"

"मी कुठल्याही कार्यालयातून आलेली नाही. मी फक्त इथे राहते. वर्षातून एक आठवडा."

"मग हे एवढं मोजमाप?"

"सवय," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली, टेप पर्समध्ये टाकली. सहा वर्षं ओठांवर अडकलेलं वाक्य या वेळी कुठेही अडकलं नाही. "आम्हाला करार वाढवायचा नाही."

"दोघांनीही सांगावं लागतं," मॅनेजरने चाचरत आठवण करून दिली आणि आशेने वर पाहिलं. "डॉक्टरसाहेब, तुमचं काय? अजून बारा वर्षं सहज टिकेल, नाही का?"

डॉक्टर शिडी उतरून काही बोलणार, एवढ्यात वरून करकर असा आवाज आला आणि नवा सुळा सुटून त्यांच्या पायाशी पडला. डॉक्टरांनी तो उचलला, उलटापालटा करून पाहिला. मग चाळीस वर्षांत एकाही पेशंटला मनापासून न सांगितलेली गोष्ट त्यांनी मॅनेजरला सांगितली.

"नाही हो. आता टिकणार नाही. काढून टाका आमचं नाव!"