आपली भेट झालेली नाही

मगदूम वकील अशिलाला नावानं हाक मारत नाहीत, वेळेनं मारतात. साताऱ्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस. सुट्टीच्या दिवशी मी अंगणात पेपर वाचत बसलो की भिंतीपलीकडून आवाज येतो, "साडेदहा, आत या. पावणेअकरा, जरा थांबा." एकदा एका माणसाला यायला उशीर झाला. तो अकराला पोहोचला तरी वकिलांनी त्याला "साडेदहा" म्हणूनच आत घेतलं. मग खऱ्या अकराचं आणि त्याचं असं जुंपलं की दोघांनीही रागाच्या भरात आपापली नावं, गावं आणि खटले सांगून टाकले. वकील दारात डोकं धरून उभे.

ऑफिसला दारं दोन. एक रस्त्यावर, दुसरं पिठाच्या गिरणीच्या बोळात. पुढून आलेल्यानं मागून जायचं. जाताना वकील त्याला हात जोडून सांगतात, "आपली भेट झालेली नाही." आणि मग खरोखरच झालेली नसते! तोच माणूस संध्याकाळी भाजी घेताना शेजारी उभा राहिला तरी वकील दुधी भोपळ्याकडे बघत राहतात. वकिलानं ओळख दाखवली की बघणारा विचारणारच, तुमचं काय काम निघालं हो वकिलाकडे? म्हणून दाखवायचीच नाही. निम्मा सातारा त्यांना गर्विष्ठ म्हणतो. उरलेल्या निम्म्याचं त्यांच्याकडे काम पडलेलं नाही.

मी साखर कारखान्यात, हिशेब खात्यात आहे. झाकलेला आकडा मला सहन होत नाही. त्यामुळे हा शेजार मला कधी मानवला नाही. साधी गोष्ट विचारावी तर उत्तर नाही. "वहिनींचा ताप उतरला का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिला विचारा. तुम्हाला सांगायला तिनं मला सांगितलेलं नाही." त्या वहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. तो साधा ताप नव्हता, हे गल्लीला त्या गेल्यावर कळलं. "कुणाला सांगू नका" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि या गृहस्थानं ते शब्दशः पाळलं. कुणी डबा दिला नाही, कुणी दवाखान्यात रात्र काढली नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तेव्हा मी फार चिडलो होतो. अजूनही आठवलं की चिडतो.

पण एक सांगायला हवं. एकदा आम्ही घरचे राजवाड्यापाशी भेळ खाल्ली होती, आणि भेळ संपल्यावर कागदाच्या तळाशी कुणा बाईच्या आधार कार्डाची झेरॉक्स निघाली. नंबर, पत्ता, सगळं शाबूत, फक्त एका डोळ्यावर चटणी. किती संताप यावा! घर भाड्यानं घ्या, सिम कार्ड घ्या, झेरॉक्स द्या, आणि ती शेवटी शेजाऱ्याच्या भेळेखाली. हे मी मगदुमांना सांगितलं. ते तसेच चप्पल घालून गेले, भेळवाल्याची सगळी रद्दी विकत घेऊन आले आणि बंबात घातली. ऑफिसातले खरडेही ते बंबातच जाळतात. त्यांच्या आंघोळीचं पाणी वर्षानुवर्षं लोकांच्या भानगडींवर तापत आलंय.

तर, अशा माणसाच्या ऑफिसातून कागद गेले.

दारावरच्या पाटीवर "अँड असोसिएट्स" असं आहे. असोसिएट म्हणजे एकच, पुतण्या. तोही वकील. त्यानं ठरवलं की कपाटातल्या जुन्या फायली स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवायच्या. भिंतीवर एक छापील कागदही लावला, "आम्ही आपली माहिती सुरक्षित ठेवतो." काकांनी तो काढायला लावला. "ठेवतो तर ठेव. भिंतीला कशाला सांगतोस?" महिनाभरानं तो लॅपटॉप एसटी स्टँडवर बॅगेसकट चोरीला गेला.

यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मगदूम एवढंच म्हणाले, "रविवारी गाडी मोकळी आहे का? माझ्या गाडीवर वकिलाचं स्टिकर आहे. दिवस लागेल." मी हो म्हटलं. ही माझी चूक.

पहाटे निघालो. आधी शिरवळ. एका कॉलनीच्या दोन गल्ल्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. "तुम्ही इथंच बसा. विचारलं तर तुम्ही मला ओळखत नाही." गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि मी यांना ओळखत नाही! दहा मिनिटं झाली आणि दोन गल्ल्या ओलांडून आवाज आला.

"आवं वकीलसायेब, चोरीला गेलं म्हंजे? माजं घटस्फोटाचं समदं कागद?"

मग मगदुमांचं काहीतरी पुटपुटणं. मग पुन्हा तोच आवाज, "हळू कशापायी बोलू? चोरानं वाचलंया, आता गल्लीनं ऐकलं तर काय बिघडलं!"

ते परत आले तेव्हा कॉलर घामानं भिजली होती. मी विचारलं, "वकीलसाहेब, कोणाकोणाचे कागद गेले?"

"गाडी चालू करा."

इथं मला माझ्या घरातलं सांगणं भाग आहे. बायकोला विचारून सांगतोय. "लिहा, माझंच आहे ते," असं ती म्हणाली. माझ्याशी लग्न होण्याआधी मंदाचं एक लग्न झालं होतं, एकोणिसाव्या वर्षी. चार महिने टिकलं. का टिकलं नाही ते तिचं तिच्याकडे. ती केस साताऱ्यात मगदुमांनी लढवली, तेव्हा ते अगदी तरुण होते. मला तिनं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. आमच्या मुलीला, ऋतुजाला, मात्र माहीत नव्हतं. सांगू, सांगू म्हणत पोरगी कॉलेजात गेली. ती तान्ही असतानाच आम्ही घर घेतलं होतं, ते नेमकं मगदुमांच्या शेजारी. सामान उतरवताना मंदा त्यांना बघून ओळखीचं हसली. त्यांनी आमच्या फाटकाजवळच्या शेवग्याच्या झाडाकडे बघितलं. तेव्हापासून अठरा वर्षांत हा माणूस माझ्या बायकोशी एक शब्द बोललेला नव्हता.

शिरवळहून फलटणमार्गे दहिवडीकडे जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ती जुनी फाईल त्या लॅपटॉपमध्ये होती का? कोण्या चोराच्या, नाहीतर त्याच्याकडून लॅपटॉप घेणाऱ्याच्या मोबाइलवरून फिरत फिरत हे माझ्या पोरीपर्यंत पोहोचणार का?

"मंदाची फाईल होती का त्यात?"

"तुमचा एकही कागद माझ्याकडे नाही."

"माझा नाही हो, माझ्या बायकोचा!"

"मग तुम्ही का विचारताय?"

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. म्हटलं, नुसती मान हलवा. हो की नाही. ते समोर बघत म्हणाले, "हे बघा. आज तुम्हाला नाही म्हटलं, तर उद्या ज्याला उत्तर देणार नाही त्याला कळेल की त्याची होती. म्हणून कुणालाच हो नाही, कुणालाच नाही नाही." हिशेब चोख होता. म्हणूनच जास्त राग आला.

माण तालुक्यातल्या एका गावाबाहेर दुसरं घर उघड्या माळावर होतं. आडोसा म्हणून एक बाभूळ. मगदुमांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला सांगितलं, "तोंड तिकडं करा." मी पन्नाशीचा माणूस, भर उन्हात मेंढरांकडे तोंड करून उभा राहिलो. मागून म्हातारीचा आवाज.

"एवढ्यासाठी आलासा व्हय? फोन करायचा न्हाई का?"

"फोनवर सांगायची गोष्ट नाही, आजी. चूक माझी आहे."

"माजं कागद नेऊन त्यो काय करनार? मेंढरं राखील?" ती खदखदून हसली. "बसा. ताक घ्या. आन् त्यो मानूस का म्हनून तिकडं बगत हुबा हाय? रुसलाय काय?"

मला ताक मिळालं, पण पाठमोऱ्यानंच. पेला मागून हातात आला.

दुपार कलल्यावर विटामार्गे सांगलीच्या अलीकडे, माधवनगरला. हा मगदुमांचा माहेरचा मुलूख म्हणावा असा, त्यांचं लहानपण तिथलंच. शेवटचं घर मोठं होतं, मी गाडी कोपऱ्यावर ठेवली. इथं आवाज पहिल्यापासूनच चढा.

"तुमच्या भरवशावर आम्ही घरातली लाज आणून ठेवली हो तुमच्याकडे! तोंड वर करून सांगायला येताय? दुसरा वकील असता तर गप बसला असता, आम्हाला कळलंही नसतं. तेवढं तरी करायचं!"

मी दिवसभर मनात जुळवलेली वाक्यं नेमकी हीच होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती बरी वाटली नाहीत. मी कोपऱ्यावरून डोकावलो. मगदूम मान खाली घालून, हात जोडून उभे होते. दार धाडकन बंद झाल्यावरही क्षणभर तसेच उभे राहिले, मग बंद दाराला म्हणाले, "आपली भेट झालेली नाही."

परतीच्या वाटेवर कराडच्या आसपास सूर्य टेकला. मगदूम जैन, सूर्यास्तानंतर खात नाहीत. मी म्हटलं, गाडी थांबवतो, दोन घास खाऊन घ्या, सकाळपासून ताकावर आहात. "नको. अजून काम व्हायचंय," म्हणाले. मला वाटलं, साताऱ्यात कुणी उरलं असेल.

घरी पोहोचलो. फाटकापाशी उतरताना मलाही तेच, "आपली भेट झालेली नाही." तेरा तास गाडी चालवून! मी हातपाय धुतले, मंदाला सगळं सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि बेल वाजली. ऋतुजानं दार उघडलं.

"बाबा, वकीलकाका आलेत. काळा कोट घालून."

कोट होता, मानेला बँड होता. चेहरा असा की आजच्या दिवसात मला कुठं पाहिलेलंच नाही.

"घरातल्या बाईंशी बोलायचं आहे. एकट्या."

"अहो, मी नवरा आहे तिचा!"

"म्हणूनच."

मी मंदाकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता, पण ती म्हणाली, "थांबा बाहेर थोडा वेळ." आणि मी, घराचे हप्ते फेडणारा माणूस, मुलीला घेऊन स्वतःच्या फाटकाबाहेर उभा राहिलो.

"आपल्याला आपल्याच घरातून बाहेर काढलं?" ऋतुजा म्हणाली. "आणि हे काका आईशी बोलतायत? हे तर अख्ख्या गल्लीत फक्त आईकडेच बघत नाहीत. मला लहानपणापासून वाटायचं, यांचं काहीतरी आहे."

मी शेवग्याच्या झाडाकडे बघितलं.

खिडकीतून दिसत होतं. मंदानं खुर्ची दिली, ते बसले नाहीत. तिनं बहुतेक चहाचं विचारलं, त्यांनी बाहेरच्या अंधाराकडे बोट दाखवलं. मग बोलले, दोन-तीन वाक्यं असतील. त्या खुर्चीत मंदाच बसली. मग तिनं काही विचारलं, आणि या माणसानं चष्मा काढून कोटाच्या बाहीनं पुसला. बाहेर पडताना आमच्याकडे न बघता गेले.

ऋतुजा तिच्या खोलीत गेल्यावर मंदानं मला सांगितलं, फाईल त्यात होती. ते तिला म्हणाले होते, "चूक माझी. तुमची गोष्ट आता माझ्या हातात राहिली नाही, म्हणून ती आधी तुमच्या हातात द्यायला आलो. कुणी परक्यानं सांगण्याआधी काय ते तुम्ही ठरवा."

"आणि तू काय विचारलंस त्यांना?"

"विचारलं, केसच्या तारखांना मी उपाशी यायची, तेव्हा तुम्ही तुमचा डबा मला द्यायचात, आठवतं का? अठरा वर्षांत एकदा तरी कशा आहात म्हणून का विचारलं नाहीत? म्हणाले, विचारलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुमची ओळख कुठली."

मग ती उठली, ऋतुजाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. मी हॉलमध्ये बसून होतो. मग पोरीचा आवाज आला, "तरीच." थोड्या वेळानं पुन्हा, "तू एकटीनं सहन केलंस हे? आणि मी बारावीच्या मार्कांसाठी रडत होते तुझ्यापुढे." मग दोघींचं रडणं, मग हसणं, मग कुकरची शिट्टी.

सकाळी मगदूम नेहमीप्रमाणे दूध घेऊन येत होते. गल्ली भरलेली, गिरणी चालू, नळाला पाणी आलेलं. मंदा फाटकात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"वकीलसाहेब, चहा टाकलाय. या."

ते थबकले. मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला हाक मारली का ते. मागे दुसरा वकील कुणी नव्हता. मग शेवग्याच्या झाडाकडे पाहिलं, आणि तिथून हळूच मंदाकडे.

"मला म्हणताय?"

"तुम्हालाच. जुनी ओळख आहे आपली."

ते आले. दुधाची पिशवी हातातच धरून बसले. चहा झाला, ऋतुजानं पोहे दिले, तेही झाले. निघताना सवयीनं हात जोडले, "आपली भेट..." म्हणाले आणि अडले. पुढचं वाक्य काही त्यांना सापडेना. तसेच दारात उभे राहिले.