हनुवटी खाली

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आयर्लंडमधल्या डंडॉकजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर बाबाराव इंगळे यांनी एका हंसाला "हनुवटी खाली" अशी सूचना दिली. सूचना तीनदा देण्यात आली. हंसाने ती एकदाही पाळली नाही.

इंगळेकाका मूळचे मूर्तिजापूरचे. तिथे एसटी स्टँडसमोर बेचाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लेक वैशाली माझी इथली शेजारीण. तिच्याकडे ते तीन महिन्यांसाठी आले होते, येताना कॅमेरा आणि तिपाई घेऊन. त्यांच्या मते फोटो एकाच प्रकारचा असतो: पासपोर्टचा. बाकी सगळ्याला ते "लग्नातलं काम" म्हणतात.

आयर्लंडमध्ये त्यांना सर्वांत आधी आवडलं ते इथलं ढगाळ आकाश. "इथलं आकाशच सरकारी नियमात बसते," ते म्हणाले. "साधं, फिकं, सावली नाई."

या बॅकग्राउंडवर बसवायला गिऱ्हाईक हवं होतं. ते हंसाच्या रूपाने मिळालं. खाडीच्या तोंडाशी नऊ-दहा हंस असतात. लोक त्यांचे फोटो बाजूने काढतात, कारण मान बाजूने सुंदर दिसते. जावई निखिलने ते सुचवून पाहिलं.

"बाजूनं पोलीस काढतात, जावईबापू. हा काही गुन्हेगार हाये का?"

एक हंस बाकीच्यांपासून दूर, दगडांपाशी एकटा असायचा. काकांनी तोच निवडला. रोज सकाळी तासभर ते त्याच्यासमोर उकिडवे बसत. "मान सरळ. डोये उघडे. हसू नोको." हंस फिस्कारायचा. काका शटर दाबायचे, पडद्यावर पाहायचे आणि निकाल द्यायचे: "रिजेक्ट."

किनाऱ्यावर कुत्रा फिरवायला येणाऱ्या मोरीन नावाच्या वृद्ध बाईंनी तिसऱ्या दिवशी त्या हंसाकडे बोट दाखवून विचारलं, "हाऊज युअर मॅन?"

इथे 'युअर मॅन' म्हणजे 'तो'. कोणीही. टपालवाला, मंत्री, रस्त्यापलीकडे उभा असलेला माणूस. काकांनी मात्र शब्दाला शब्द लावला. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "त्या बाईनं सांगतलं, तो माहा माणूस हाये. आता जबाबदारी आली."

ही चूक दुरुस्त करायला निखिल तोंड उघडणार होता. वैशालीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चहा प्यायला.

जबाबदारी आल्यावर काकांची झोप उडाली. "बेचाळीस वर्षांत हनुवटी खाली न करनारा माणूस मी पाह्यला नाई," ते म्हणत. "करत नाई म्हंजे त्याले होत नसन. मान दुखत असन." तो काही खातही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. परतीचं विमान तीन आठवड्यांवर होतं.

निखिलने हंसांची सुटका करणाऱ्या स्वयंसेवकांना फोन लावला. आधी फोटो पाठवा, असं त्यांनी सांगितलं. निखिलने स्वतः काढलेले चार पाठवले, चारही बाजूने. उत्तर आलं: पक्षी देखणा आहे, ठणठणीत दिसतो.

"पाहा बाबा, ही इज ग्रँड," निखिल म्हणाला. इथे 'ग्रँड' म्हणजे ठीकठाक.

"तुमी त्याचा साखरपुड्याचा फोटो पाठवला."

हंसाला तीनदा सूचना दिली त्या रविवारी संध्याकाळी काकांनी सकाळचे सगळे फोटो टीव्हीवर लावले. मी तिथेच होतो. शेहेचाळिसाव्या फोटोत हंस थेट कॅमेऱ्याकडे पाहत होता, चोच उघडी. काका "तोंड उघडं, रिजे..." इतकंच बोलले आणि उठून टीव्हीजवळ गेले.

"हनुवटीखाली केस हाये."

"बाबा, हंसाला केस कुठून येतील?" निखिल म्हणाला.

"चार पिढ्यांचे केस या हातानं निगेटिव्हवरून पुसले, जावईबापू. मले नोका सांगू." त्यांनी बोट टेकवलं. "आन् हा केस नाई. मांजा हाये."

"आयर्लंडमध्ये मांजा? इथे पतंग उडवला तर थेट इंग्लंडात जाऊन पडेल!"

वैशाली उठली. तिने फोटो मोठा केला. चोचीच्या खालून एक बारीक, चकाकती रेघ निघून गळ्याभोवती दोन वेढे घेत होती. तो मासेमारीच्या गळाचा नायलॉनचा दोरा होता. बाजूने तो पिसांत बुडून जात होता. समोरून, चोच उघडी असतानाच दिसत होता.

नापास झालेला तो फोटो वैशालीने पाठवला. सहा मिनिटांत फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दोन स्वयंसेवक जाळं घेऊन किनाऱ्यावर हजर होते. गळ जिभेखाली रुतला होता. दोरा पंखापर्यंत ताणलेला असल्याने हंसाला मान खाली नेता येत नव्हती, म्हणून खाताही येत नव्हतं. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर तो वाचला नसता, असं पशुवैद्यांनी सांगितलं.

काकांच्या परतीच्या दोन दिवस आधी हंसाला त्याच दगडांपाशी सोडण्यात आलं. किनाऱ्यावर तीसेक माणसं जमली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून तिपाईमागे उभे होते.

"मान सरळ," ते म्हणाले. हंसाने त्यांच्याकडे पाहिलं.

"हनुवटी खाली."

हंसाने मान वाकवली आणि चोच पाण्यात घातली. टाळ्या वाजल्या. मोरीनबाई ओरडल्या, "युअर मॅन्स ग्रँड!"

"पास!" काका शटर दाबत म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यांनी पासपोर्ट आकाराच्या आठ प्रती काढून आणल्या. त्यांच्याकडे सेट आठचाच असतो. दोन स्वयंसेवक, पशुवैद्य, मोरीनबाई, निखिल, वैशाली आणि मी, अशा सात वाटल्या. आठवी ठेवायला त्यांनी पाकीट उघडलं. आतल्या कप्प्यात त्याच आकाराचा एक जुना फोटो होता. तो बाहेर सरकला आणि माझ्या पायाशी पडला.

मी तो उचलून दिला. फोटो वैशालीचा होता, ती देशाबाहेर पडली त्या वर्षीचा. मागे स्टुडिओचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: "डोळे ओले. रिजेक्ट."