नलूमावशीचे डोळे

जर्मनीतल्या आमच्या घरात सध्या केटलीला डोळे आहेत. कचऱ्याच्या डब्यालाही आहेत, आणि ते नेमके माझ्यावर रोखलेले असतात. ही सगळी नलूमावशीची करणी.

मावशी पेणजवळच्या जोह्याची. घरचाच गणपतींचा कारखाना. मूर्तीचे डोळे काढायचं काम, म्हणजे आखणी, जन्मभर तिच्याच हातात. यंदा तिचा मुलगा संजू म्हणाला, "आई, हात कापतो तुझा. डोळे आता मनीषाला शिकव." मनीषा म्हणजे सून. झालं! तिकडची बाई रुसली तर फार तर रोह्याला बहिणीकडे जाते. मावशीही गेली, माझ्या आईकडे. पण एवढा राग रोह्यात मावेना, म्हणून इकडे आली. व्हिसा हातात येईपर्यंत तिने तो राग टिकवला, हे विशेष.

शुक्रवारी तिला घेऊन कामं उरकायला निघालो. बँकेतली शांतता बघून ती हादरली. "कोण गेलं रे?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. रांगेतली सगळी माणसं वळली. मी जमेल तेवढा आक्रसलो.

मग गाव दाखवायला बागेत नेलं. तिथे संगमरवरी पुतळे. एका बाईसमोर मावशी थबकली. "अरे देवा! डोळेच नायत! अर्धवट माल बाहेर काढलाय!"

"मावशी, इथे असेच असतात."

"आंधळ्या बाईला पावसात उभी करतात? कारखानदार कोण हाय?"

मी आइस्क्रीम आणायला गेलो. परत येतो तर मावशी चौथऱ्यावर! हातात काजळाची पेन्सिल! एक डोळा झालेला, आणि तो डोळा माझ्याकडे बघत होता. माझ्या हातातलं आइस्क्रीम बुटावर पडलं. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणारा माणूस मी!

रखवालदार धावत आला. माझं जर्मन अशा वेळी रजेवर जातं. मावशीने मात्र त्याला सरळ तळहात दाखवला.

"थांब रे बाबा! मूर्ती एका डोळ्यावर ठेवत नायत. एका बैठकीत दोन्ही व्हायला हवेत."

आणि काय सांगू, तो थांबला! मावशीने श्वास धरला, दुसरा डोळा काढला. ती दगडी बाई चक्क जागी झाली. रखवालदार थोडा वेळ बघतच राहिला. मग त्याने मला झापलं आणि ओलं फडकं हातात दिलं.

"थांब, फोटो काढतो," मी म्हणालो. "संजूला पाठवू. बघू दे त्याला, हात कापतो का ते!"

"नको."

"का?"

"डावा उतरलाय."

"मला तर सारखेच दिसतात."

"तुला दिसतात. गणपतीला नाय चालत."

माझ्या हातातलं फडकं तिने घेतलं आणि पोराचं तोंड पुसावं तसे ते डोळे पुसले. घरी येईपर्यंत तिचा उजवा हात पदराखाली होता.

आल्या आल्या म्हणाली, "फोन लाव जोह्याला." मला वाटलं, आता संजूची धडगत नाही.

"मनीषा, ब्रश घेतलास? मग ऐक. पहिला डोळा काढताना श्वास धर गो. दुसरा होईपर्यंत सोडू नको."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मावशीने केटलीचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"छे गो, रुसतेय कशाला? फिरायला आलेय मी."